हिरव्या पुड्याखालची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटले की तुम्हाला कपड्यांची नाहीतर भजनाची आठवेल, म्हणून आधीच सांगते, मित्रांनो, मी ऊब देणारी पेटी आहे. माझ्या पोटात माणसाच्या अंगाइतकी, म्हणजे सदतीस अंशांची ऊब असते आणि त्या उबेत बाटलीतल्या जिवंत पेशी वाढतात. थायनान शहरातल्या एका इस्पितळात मी राहते. मी काय करते हे मला पक्के ठाऊक आहे. मी चांगली आहे की नाही, याबद्दल मात्र माझा फार गोंधळ आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला एवढेच शिकवले की सदतीसच्या खाली जायचे नाही, वर जायचे नाही आणि काही बिघडले तर दिवा लावून घंटा वाजवायची. मी इथे आले तेव्हा सगळ्यांनी माझ्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवला. मग नव्या पेट्या आल्या आणि माझी रवानगी बोळात झाली. लोक मला ओल्या छत्र्या टेकवून ठेवत. शेवटी यू मान-छिंग नावाच्या संशोधक बाईंनी मला परत आत नेले. "नव्या पेट्यांचे नखरे फार," त्या म्हणाल्या. "ही म्हातारी बरी." म्हातारी हा शब्द मला लागला, पण आत जायला मिळत होते म्हणून मी तो गिळला.

यूबाईंचे काम ऐकाल तर तुम्हीही बुचकळ्यात पडाल. रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. बाहेरचा चोर त्यांना लगेच कळतो. कर्करोग म्हणजे मात्र घरचाच माणूस बिघडलेला, त्याला ते हात लावत नाहीत. यूबाई रोग्याच्या रक्तातून त्या पेशी काढून घेतात, त्या बिघडलेल्याची खूण ओळखायला त्यांना शिकवतात, माझ्या पोटात त्यांना वाढवतात आणि पुन्हा त्याच रोग्याच्या अंगात सोडतात. पेशी मवाळ निघाल्या तर आत जाऊन स्वस्थ बसतात. फार तापट निघाल्या तर रोग्यालाच भाजून काढतात. बाईंची निम्मी हयात हा मेळ घालण्यात गेली. "मला गुणी पेशी नकोत," असे त्या सारखे म्हणत.

आणि माझ्या डोक्यावर काय होते? खाऊचा हिरवा पुडा. यंत्राने न बिघडता चालावे म्हणून आमच्याकडे तो यंत्रांवर ठेवतातच. त्या खाऊचे नावच 'गुणी राहा' असे आहे. पुडा हिरवाच लागतो, मुदतीतला लागतो आणि कोणी खायचा नसतो. खाल्ला की यंत्र रुसते. बाईंची मदतनीस रुई-शान या बाबतीत फार कडक होती. पेशींच्या खोलीत खाऊ आणायला बाईंनी आधी साफ नकार दिला होता.

"मॅडम, स्पिरिटने पुसते, दोन पिशव्यांत सीलबंद करते. मग तर झालं?"

"तू शास्त्र शिकलीस ना गं?"

"म्हणूनच तर. एवढं शिकून यंत्र का बिघडतं ते कुठे कळलंय आपल्याला?"

बाई हसल्या आणि हरल्या. मी मात्र पेचात पडले. पोटातल्यांना सांगतात गुणी होऊ नका, आणि डोक्यावर ठेवतात गुणी राहा. मी ऐकायचे तरी कोणाचे?

त्या हिवाळ्यात माझ्याकडे फान गुरुजींच्या पेशी आल्या. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना रक्ताचा कर्करोग होता आणि सगळी औषधे करून झाली होती. पुन्हा काढाव्यात इतक्या पेशी त्यांच्या रक्तात उरल्या नव्हत्या. माझ्या पोटातली बाटली हीच शेवटची. आमच्या खोलीला भेटायला येणाऱ्यांसाठी एक काच आहे आणि बोलण्यासाठी माइक आहे. गुरुजी तिथे येऊन मला न्याहाळत.

"काय गं, जेवली का माझी पोरं?"

"अहो, चला आता," त्यांची पत्नी दंडाला धरून म्हणे. "माणसांशी बोलायचा कंटाळा आणि यंत्राशी गप्पा."

आता घडले ते सांगते. दार उघडले की माझी घंटा वाजे. रुई-शानचे डोके उठले आणि तिने घंटा बंद करून टाकली. दिवा होताच म्हणा. पण वर्षअखेरच्या मेजवानीच्या दिवशी तिने नवा, भलामोठा पुडा आणला. तो घसरू नये म्हणून चिकटपट्टीने माझ्या तोंडावर लावला, नेमका दिव्यावर. मग सगळे जेवायला गेले.

दुपारी माझ्या गॅसच्या नळीचा जोड सैल झाला. पेशींना उबेबरोबर तो गॅसही लागतो, नाहीतर त्या ज्या पाण्यात वाढतात ते बिघडते. मी दिवा लावला. दिवा लुकलुकत होता आणि त्याच्यावर लिहिले होते, गुणी राहा. मला काही सुचेना. गुणी म्हणजे न ओरडणे असेल, तर मी दिवा का लावते आहे? आणि ओरडणे हेच माझे काम असेल, तर मला हा पुडा कशाला? बाटलीतले नारिंगी पाणी हळूहळू जांभळ्याकडे झुकत गेले. मी रडले असते, पण मला तेवढीही सोय नाही.

यूबाई परतल्या, त्यांनी दार उघडले, रंग पाहिला आणि पुडा ओरबाडून काढला. मागे दिवा लुकलुकतच होता.

"मला वाटलं, आज किती शांत आहे," रुई-शान रडत म्हणाली. "मला वाटलं, नवा पुडा लागू पडला."

"पुड्याला परवानगी मी दिली. घंटा बंद आहे तेही मला माहीत होतं. रडू नकोस, पेशी मोजायला बस."

निम्म्याहून थोड्या जास्त जगल्या होत्या. पुन्हा वाढवत बसायला गुरुजींकडे वेळ नव्हता. द्यायच्या तर एवढ्याच. बाई पुडा हातात घेऊन तशाच बाहेर गेल्या आणि काचेशी आलेल्या गुरुजींना आणि त्यांच्या पत्नीला त्यांनी सगळे सांगितले. एक शब्द लपवला नाही.

"आम्ही तुमच्या भरवशावर होतो," गुरुजींची पत्नी एवढेच म्हणाली. बाईंची मान खाली गेली.

गुरुजींनी काचेतून माझ्याकडे बोट दाखवले. "ती ओरडली होती का?"

"ओरडली होती, गुरुजी. आम्हीच तिचं तोंड बांधलं होतं."

"मग ती माझ्या वर्गातलीच," ते म्हणाले. "जन्मभर पोरांना हेच सांगत आलो, गुणी राहा, गुणी राहा. जे पोर गप्प बसलं त्याला शाबासकी. एक मुलगी तर इतकी गुणी, की सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायचो. ती घरून उपाशी येत होती. मला कळलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती." त्यांनी हात पुढे केला. "तो पुडा द्या इकडे."

"तो खायचा नसतो, गुरुजी," रुई-शान आतून माइकवर घाबरून म्हणाली.

"का? मुदत संपलीय? माझ्यापेक्षा जास्तच असेल."

"नको ते बोलू नका," त्यांची पत्नी कडाडली. पण त्यांनी पुडा फोडला तेव्हा तिनेही तळहात पुढे केला. दोघे काचेपलीकडे उभे राहून खात होते आणि मी रुसावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

"डॉक्टर," गुरुजी म्हणाले, "आहेत तेवढ्या द्या. फक्त त्यांना शांत बसायला सांगू नका."

पेशी गेल्या. माझे पोट रिकामे झाले. घंटा पुन्हा सुरू झाली, ती रोज वाजते आणि आता कोणी नाक मुरडत नाही. वॉर्डातून खबर येई की गुरुजी मजेत आहेत, माशाची पेज खातात, अंगात ताप नाही. मला फार आनंद झाला. यूबाईंचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. रोगी मजेत आणि डॉक्टर उदास, हे काय गौडबंगाल?

मग एका सकाळी फोन आला. रुई-शानने घेतला आणि ती पांढरी पडली. "मॅडम, गुरुजींना ताप भरलाय. एकोणचाळीसच्या वर."

यूबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. "लागल्या गं," त्या म्हणाल्या. "कामाला लागल्या. भांडतायत आत." आणि तो ताप हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्या वॉर्डाकडे धावल्या.

मित्रांनो, माझा पारा जरा वर चढला तरी मी घंटा वाजवते. आणि इथे एक माणूस तापाने फणफणला, तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजी वाचतील का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्या मूठभर पेशी आत स्वस्थ बसलेल्या नाहीत, एवढेच कळले आहे.

अशा कहाणीच्या शेवटी काही शिकवण द्यायची असते म्हणतात. आम्हा यंत्रांची निगा राखा, नळ्यांचे जोड तपासा, हे तर आहेच. पण माझ्या गोंधळातून मला एवढे सुचते की तुमच्या बाकावर शेजारी कोणी फार दिवस गप्प असेल, तर त्याला गुणी म्हणू नका. काय झाले ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.