कड्यावरची बेचाळीस घरटी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. ग्लासगोच्या एका कारखान्यात पितळी नळ्यांत भिंगं बसवून मला घडवलं. पुढे मी रेनी नावाच्या कोळ्याच्या गळ्यात तीस वर्षं होते. मासळीवर झेपावणारे पक्षी तो माझ्यातून हेरायचा आणि तिकडे नाव वळवायचा. लोक म्हणायचे, रेनीची दुर्बीण नशीबवान आहे. तो गेल्यावर मात्र मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगली गेले. समुद्राच्या दमट हवेनं माझ्या डाव्या भिंगात बुरशी धरली.

एका एप्रिलमध्ये शेजारची चौदा वर्षांची शोना रेनीच्या बायकोकडे, रेनीबाईंकडे आली.

"मिसेस रेनी, मला एक छंद हवाय. सहा महिन्यांसाठी. आठवड्याला एक तास."

"छंद काय भाड्यानं मिळतो होय?"

"शाळेतून तो तरुणांचा पुरस्कार असतो ना, त्यासाठी एक छंद जोपासून दाखवावा लागतो. पियानो मला जमत नाही, आणि घरी माझ्या हातचा केक कुणी खात नाही."

रेनीबाई हसल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

गावाबाहेरच्या कड्यावर गॅनेट घरटी करतात. पांढरेशुभ्र, पिवळसर डोक्याचे मोठे समुद्रपक्षी. शोनानं समोरची एक कपार निवडली. दर शनिवारी तिथली घरटी मोजायची, वहीत लिहायची. पहिल्या दिवशी बेचाळीस भरली. सुरुवातीला ती दर पाच मिनिटांनी फोन बघे. मेपर्यंत फोन घरी राहू लागला. कोणती जोडी भांडकुदळ, कोण शेजाऱ्याचं गवत चोरतं, हे ती रेनीबाईंना रंगवून सांगे. मला पुन्हा कुणीतरी मऊ फडक्यानं पुसत होतं. मी सुखात होते.

जूनमध्ये एक पक्षी मान टाकून बसलेला दिसला. पुढच्या शनिवारी चार घरट्यांवर मेलेले पक्षी होते. पाखरांची साथ, बर्ड फ्लू, आली होती. किनाऱ्यावर जायला बंदी झाली, पक्ष्यांना हात लावायलाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी शोनानं मला डोळ्यांना लावलं. कपारीच्या टोकाला एक पिल्लू मेलेल्या आईच्या चोचीवर टोचत होतं.

"मी खाली उतरते."

"नाही उतरायचं, पोरी. कडा ओला आहे, आणि ती साथ आहे."

"मग काय करायचं? नुसतं बघायचं?"

"हो," रेनीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, दूरचं जवळ आणणं एवढंच मला येतं. ते पिल्लू मी तिच्या डोळ्यांशी आणून ठेवलं, पण त्याच्यापर्यंत एक मासा मी नेऊ शकत नव्हते. माझं उजवं भिंगही त्या दिवशी आंधळं झालं असतं तर बरं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर शोनानं वही टेबलावर टाकली. "मी छंद बदलते. विणकाम घेते. विणकामात कुणी मरत नाही."

"बदल. मी शाळेला तसं कागदावर लिहून देते," रेनीबाई म्हणाल्या. त्यांनी तिला चहा दिला आणि मला खिळ्याला अडकवलं.

पुढच्या शनिवारी दार वाजलं. शोना दारातच उभी होती.

"मोजून काय होणार आहे?"

"काहीच नाही."

"पण मग किती होते, ते कुणालाच कळणार नाही."

तिनं मला गळ्यात घातलं. त्या दिवशी एकोणीस घरटी होती. ऑगस्टमध्ये अकरा. वहीतला प्रत्येक आकडा तिनं गिरवून लिहिला.

ऑक्टोबरमध्ये उरलेले पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे उडून गेले आणि कपार रिकामी झाली. पुरस्काराच्या अर्जात एक रकाना होता : या छंदातून तुम्ही काय शिकलात? पेन चावत ती कितीतरी वेळ बसली. मग तिनं लिहिलं, 'नजर न वळवता बघायला.' तिला बिल्ला मिळाला. तो कुठल्या खणात पडलाय, मला माहीत नाही.

आता रेनीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दर वसंतात शनिवारी शोना त्यांना कड्यावर नेते आणि मोठ्यानं मोजून दाखवते. यंदा आकडा सतरावर थांबला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला ओलीत टांगून ठेवू नका, अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसा. आणि माझ्यातून बघताना कधी बघवेनासं झालं, तर मला खाली ठेवा, डोळे पुसा. पण शनिवारी परत या.