अश्विनीच्या नावचं पार्सल

कुशाबाचं पत्र शिमग्याच्या आधी आलं होतं आणि रखमाजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तसं चार ओळींचंच. आंबेगावच्या पार पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत व्याह्याचं गाव. तिथं फोनला रेंज हवी तर टेकाड चढावं लागतं, म्हणून कुशाबा अजून आंतरदेशीय पत्र लिहायचा. 'रखमाजी पाव्हण्यांना कुशाबाचा रामराम. भात बरा झाला. जावई गेल्याला वर्ष होत आलं. माझी लेक आणि नात पोटभर जेवत्यात का, एवढंच कळवा. नसतील तर आणायला येतो. तुम्ही वाचणारे माणूस. खोटं लिहिणार नाही, म्हणून तुम्हालाच विचारलं.'

ही शेवटची ओळ रखमाजींच्या जिवाला लागली होती. 'जेवतात' लिहावं तर खोटं, 'नाही' लिहावं तर घराची अब्रू. कितीदा तरी ते कागद पुढं ओढून बसले आणि कितीदा तरी टोपण पेनाला लावून उठले. पिंपरी पेंढारच्या वाचनालयात जन्म गेलेला हा माणूस. पुस्तकं मागणाऱ्यांशीही मान खाली घालून बोलायचा. घरात बायकोचा, प्रयागबाईंचा शब्द चालायचा, आणि तो चालतो आहे याचं रखमाजींना मनातून बरंच वाटायचं.

धाकटा मुलगा सुदाम विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मागं अश्विनी राहिली आणि तिसरीतली तेजस्विनी. त्या दिवसापासून प्रयागबाईंनी सुनेचं वर्ष पाळायला घेतलं. अश्विनीनं बाजारात जायचं नाही. सणाच्या ताटाला हात लावायचा नाही. दूध, तूप, गूळ तिच्या पानात पडायचं नाही.

"नवरा न्हाई त्या बाईनं गोडधोड खाल्लं का अंगाला माज येतो," प्रयागबाई सांगायच्या. "माझ्या सासूनं माझ्या नणंदंला असंच ठिवलं. हाय का कुणाची बोट दाखवायची टाप?"

नणंद चाळिशीच्या आत खंगून गेली, हे त्या सांगत नसत.

चैत्रात वर्षश्राद्ध झालं. वर्ष संपलं, पाळणं संपलं नाही. रानातल्या बायांच्या भाकऱ्या अश्विनीच थापायची, आणि सगळ्यांचं उरकल्यावर टोपलीत राहिलेला कोर-तुकडा तिचा. तेजू आईच्याच ताटात जेवायची. म्हणजे जे आईला वर्ज्य ते पोरीलाही, असा कुणी नेम केला नव्हता. तो आपोआपच झाला. पलीकडं थोरल्या गेणूचा शौर्य दूधभाकरी कुस्करून खायचा आणि तेजू त्याच्या वाटीकडं न बघता जेवायला शिकली होती.

शाळा होती तोवर शाळेतली खिचडी होती. सुट्टी लागली आणि तीही बंद झाली. त्या वर्षी सरकारनं सुट्टीतल्या जेवणाचे पैसे खात्यात टाकले; तेजूचे अश्विनीच्या खात्यात आले. मागचे अडकलेलेही एकदम आले. रक्कम फार नव्हती, पण घरातल्या कुणाच्या मुठीतून न येणारी ती पहिलीच.

एका दुपारी सगळे रानात गेल्यावर अश्विनी रखमाजींच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हातात तिचा साधा बटणांचा फोन आणि बँकेचं कार्ड.

"मामा, तुमच्या फोनवर घरबसल्या किराणा मागिवता येतो म्हंत्यात. मला काय बाजारात जाता येत न्हाई. तेवढं बघता का?"

रखमाजींचा मोठा फोन जुनी पुस्तकं वाचण्यापुरता. पण तेजूला त्यातलं सगळं कळत होतं. ती आजोबांच्या मांडीला टेकून बोटानं चित्रं सरकवू लागली. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेलाची पिशवी, दुधाची पावडर.

"आबा, गूळ दिसतोय, पण वास न्हाई येत."

"घरी आला का येईल."

"मनुके घिऊ?"

"आगं सरकारनं जेवायला दिल्यात," अश्विनी म्हणाली, "मिजाशीला न्हाई." आणि हसली. वर्षभरात त्या घरात ती पहिल्यांदा हसली होती.

पैसे भरताना बँकेचा आकडा तिच्या फोनवर आला, तो तेजूनं मोठ्यानं वाचला. नाव कुणाचं टाकायचं, या रकान्यापाशी रखमाजी अडखळले. मग त्यांनी अश्विनीचं टाकलं. पैसे तिचे तर नावही तिचंच असावं, असं ते स्वतःशी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. आपल्या नावानं पार्सल आलं तर प्रयागबाई विचारतील, याची त्यांना धास्ती होती. संपर्काचा नंबर मात्र त्यांना आपलाच द्यावा लागला.

पार्सल आलं त्या सकाळी रखमाजींचा फोन पुन्हापुन्हा वाजला. अनोळखी नंबर. परक्या माणसाशी बोलणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी फोन उशाखाली सारला. वाजायचा थांबल्यावर त्यांना बरं वाटलं.

पार्सलवाला, मोहित नावाचा, नारायणगावाकडून आलेला. दारावर पाट्या नाहीत, फोन उचलत नाहीत. त्यानं गाडी दूध डेअरीपाशी थांबवली आणि विचारलं, "अश्विनीताई कुठं ऱ्हात्यात?"

सकाळची वेळ. कॅन घेऊन उभी गडीमाणसं.

"कंची अश्विनी?"

"आरं, सुदामची. तिच्या नावानं पावणं याया लागलं व्हय आता?"

"घरच्यांचं नाव न्हाई, थेट बाईचंच! लई पुढं गेलं राव गाव."

रांगेत मागं गेणू उभा होता.

तो घरी आला तो खोकं काखेत मारूनच. ते त्यानं स्वयंपाकघरात आपटलं. तेलाची पिशवी फुटली.

"आय, बघ तुझ्या सुनंचे परताप! गावात माझं तोंड काळं केलं हिनं. परका गडी हिचं नाव घिऊन दार हुडकीत फिरतोय!"

प्रयागबाईंनी तेलात बुडालेली गुळाची ढेप उचलली. दुधाच्या पावडरचा पुडा उलटासुलटा केला. "आन् हे दूध? हे गुळाचं लाड कुणासाठी गं?"

"पोरीचं हाय आत्या. शाळंच्या जेवणाचे पैसे आल्ते तिचे."

"आन् मागिवलं कशावरनं? तुझा तर डबडा फोन. कुणी दिलं मागवून? त्याच गड्यानं?"

अश्विनीनं मान वर केली आणि रखमाजींकडं पाहिलं. क्षणभरच. ते दाराच्या चौकटीत उभे होते, हातात मिटलेलं पुस्तक. 'माझ्या फोनवरून. मी मागवलं.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले. तेवढ्यात प्रयागबाई त्यांच्याकडं वळल्या आणि रखमाजींनी मान पुस्तकात घातली.

"मीच मागिवलं," अश्विनी म्हणाली.

म्हाताऱ्याला तिनं झाकून घेतलं. तो झाकला गेला.

अशा मालाचं निम्मं एका दिवशी येतं, निम्मं मागून. दुसऱ्या दिवशी मोहित पुन्हा आला, डाळ आणि शेंगदाणे घेऊन. काल डेअरीवर घर कळलं होतं, म्हणून थेट दारात. गेणूला तेवढंच हवं होतं. "दोन दिसांत दोनदा!" म्हणून तो गल्लीत ओरडला. संध्याकाळी भावकीतले सावळेराम ओट्यावर येऊन बसले.

"रखमाजी, नाव घराण्याचं हाय," ते तंबाखू मळत म्हणाले. "पोरीनं हक्कसोडीवर सही करावी आन् बापाकडं जावं. तिलाबी मोकळीक, तुमालाबी."

रखमाजींना सगळं उमगलं. पार्सल, परका गडी, गावाचं तोंड हे वरवरचं. गेणूचा डोळा सुदामच्या वाटणीच्या रानावर होता. बाईच्या चारित्र्याला एक डाग लागला की दोन एकर मोकळं होत होतं.

"सही करनार न्हाई," अश्विनी आतून म्हणाली. "माज्या पोरीचं रान हाय ते."

"मंग टोपलीला हात लावायचा न्हाई," प्रयागबाईंनी कोठीला कुलूप घातलं. डाळ आणि शेंगदाणेही आतच गेले. "फोनवरनं खाती ना? खा म्हणावं फोनवरनं."

थोरली सून नूतन फिसकन हसली. मग कुणाचं लक्ष नाही बघून तिनं एक चतकोर भाकरी तेजूच्या हातात कोंबली आणि गेणूची हाक येताच झटकन बाजूला झाली. तेवढीच तिची माया, आणि तेवढीच तिची हिंमत.

रखमाजी आपल्या ताटातली अर्धी भाकरी खिशात घालून उठू लागले. वाचनालयाच्या मागं तेजूला द्यायचे. तिनं निम्मी खावी, निम्मी आईला न्यावी. आपण काहीतरी करतो आहोत, असं त्यांना वाटायचं. उघड बोलता येत नाही त्याला चोरून दया करणं फार सोपं पडतं.

मग एक दिवस ते डोळे तपासायला वारूळवाडीला गेले. त्या दिवशी खिशातली भाकरी नव्हती.

त्या सकाळी गेणूनं टोमॅटोवर औषध मारलं होतं. सुदामच्याच रानात, बांधाच्या अलीकडच्या वाफ्यात. ऊन वर आलं तेव्हा तेजू तिथं गेली. लालबुंद फळं हाताला लागत होती, ती फ्रॉकला पुसून तिनं खाल्ली. किती खाल्ली कुणाला ठाऊक. बायांना ती बांधाला पडलेली सापडली तेव्हा तोंडाला फेस होता, आणि ओच्यात आईसाठी घेतलेले टोमॅटो तसेच होते.

रखमाजी नारायणगावच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "मुलगी आधी काय जेवली होती? सकाळी? काल?"

गेणू भिंतीकडं बघत होता. प्रयागबाई पदराला गाठी मारत होत्या.

"कायच न्हाई," अश्विनी म्हणाली.

दिवस कलायच्या आत तेजू गेली.

विषबाधेची केस, म्हणून हवालदार जबाब घ्यायला आला. गेणूनं सांगायला सुरुवात केली. त्याचा आवाज कापत होता, पण वाट ठरलेली होती. "पोरीला चोरून खायाची सवय व्हती साहेब. आयचं ध्यान नसायचं. बाई वंगाळ नादाची, परका गडी घरी यायचा..."

"चोरून?"

आवाज कुणाचा, हे आधी कुणाला कळलंच नाही.

"ते रान तिच्या बापाचं हाय, गेणू," रखमाजी म्हणाले. "आपल्या रानात पोर चोरी करती व्हय? साहेब, ल्ह्या. पार्सल मी मागिवलं. माझ्या फोनवरनं. त्या माणसाचा फोन मला आल्ता, मी उचलला न्हाई, म्हणून तो गावात इचारत फिरला. पोर अन् तिची आय वर्षभर अर्धपोटी व्हती. कोठीला कुलूप व्हतं. मला ठावं व्हतं."

"आवो, गप ऱ्हावा!" प्रयागबाई ओरडल्या. "पोटच्या पोराला अडकिवता का काय?"

"गप ऱ्हायलो म्हणून तर हितं बसलोय," ते म्हणाले. "माझंबी नाव घाला साहेब त्यात."

हवालदारानं पेन थांबवून या म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग लिहू लागला.

पुढं घरात जे व्हायचं ते झालं. गेणूनं बापाशी बोलणं टाकलं. भावकीनं वाळीतच टाकल्यासारखं केलं. पोरीचं सारं उरकल्यावर रखमाजींनी आपल्या खोलीतली पुस्तकं पोत्यांत भरून वाचनालयात नेऊन टाकली आणि त्या रिकाम्या खोलीत अश्विनीची चूल मांडून दिली. पहिल्या दिवशी ते तिच्यापुढं जाऊन बसले.

"बापाला बोलावू का पोरी? जाशील का त्याच्याकडं?"

अश्विनीनं चुलीत लाकूड सारलं.

"तवा न्या म्हणलं असतं तर गेले असते मामा. आता पोर ह्या मातीत हाय. आता मी हलत न्हाई. रान माझ्या नावावर करा, मी कसते. आन् दारावर माझ्या नावाची पाटी लावा. कुणाला इचारत फिराया नको."

तिनं दोघांसाठी डाळ शिजवली. त्यात तिनं गुळाचा खडा टाकला. रखमाजींनी ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडं जाऊन आले. मग पाटी रंगवायला दिली. आणि मग कागद पुढं घेतला. या वेळी टोपण पेनाला लागलं नाही.

'कुशाबा पाव्हण्यांना रखमाजीचा रामराम. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. तेजूचं तुम्हाला माणूस पाठवून कळवलं, पण ती औषधानं गेली एवढंच त्यानं सांगितलं असेल. तुम्ही विचारलं होतं, पोटभर जेवतात का. जेवत नव्हत्या. आमच्या घरात विधवेला पोटभर वाढत नाहीत, आणि तिच्या ताटात जेवणाऱ्या लेकरालाही मग मिळत नाही. मला हे दिसत होतं. तुम्ही आणायला आला असतात तर तुमची नात आज तुमच्या अंगणात असती. हे मी पोलिसांनाही सांगितलं आहे आणि कोर्टातही सांगेन. अश्विनी येत नाही म्हणते. सुदामचं रान तिच्या नावावर करायला कागद दिले आहेत. तुम्ही न्यायला येऊ नका, राहायला या. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्यायला या. मी घरीच असेन.'

पोस्टापाशी दुपारची शांतता होती. पेटीच्या फटीत पत्र अर्धं गेलं आणि त्यांचा हात थांबला. जन्माची सवय. मग बोटाच्या टोकानं त्यांनी ते आत लोटलं.