नवऱ्याचा नंबर

मृणालताईंची वही पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांत खुपली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे मुडपलेली, वर रबरबँड. ठाकुर्लीच्या एका हॉलमध्ये तीस आशाताई माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या होत्या. वस्तीत घरोघरी जाऊन गरोदर बायकांची नोंद ठेवायचं काम त्यांचं. प्रत्येकीच्या हातात आमच्या संस्थेने दिलेला नवाकोरा फोन होता, आणि ही बाई मांडीवर वही उघडून फोनमधली नावं तिच्याशी ताडून बघत होती.

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कोलशेत गावात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "ताई, ती वही आता रद्दीत द्या. त्याच्यासाठीच तर आम्ही वर्षभर मरमर मेलोय."

मी ॲडेलिन. ठाण्यातल्या एका संस्थेत कंप्युटरचं काम करते. आम्ही 'पहारा' नावाचं ॲप बनवलं होतं. कुठली गरोदर बाई सोनोग्राफीला कधी आणि कुठे गेली, तिला आधी मुली किती, पुढे तिचं बाळंतपण नोंदलं गेलं का, हे सगळं ते जुळवून बघायचं. दोन मुलींची आई चौथ्या महिन्यानंतर यादीतून गळली, की तिचं नाव लाल व्हायचं. आणि पोटातली मुलगी पाडायला घरचे भाग पाडत असतील, तर बाईला वेळेवर तक्रारही करता यायची. तक्रार आली की पाच मिनिटांत ती मिळाल्याची पोच मेसेजने गेलीच पाहिजे, हा नियम माझा. पप्पांनी मिठागराच्या जमिनीसाठी अर्ज केले आणि उत्तराची वाट बघत म्हातारे झाले. त्यामुळे त्या पोचेचा मला फार अभिमान होता. मजकूरही मीच लिहिला. आमचे प्रमुख विश्रामसर म्हणाले होते, नुसतं नाव पुरे. मी हट्टाने नावापुढे 'ताई' घातलं. आपलं माणूस बोलतंय असं बाईला वाटायला हवं ना.

या कामात माझा जीव का अडकला होता, तेही सांगून टाकते. मी तिसरी मुलगी. मी झाले तेव्हा पप्पा दोन दिवस हॉस्पिटलात फिरकले नव्हते. मम्मा हे हसत हसत सांगते. मला त्यात कधी हसू आलेलं नाही.

तर वही. मी ती हातात घेऊन बघितली. बहुतेक सगळ्या फोन नंबरांपुढे लाल टिंब होतं.

"हे काय?"

"फोन बाप्याच्या हातात असतो त्या घरात," मृणालताई म्हणाल्या. "नायतर सासूच्या. तिकडे फोन केला तर मी एवढंच सांगते, बचत गटाची मीटिंग आहे, वहिनींना पाठवा. बाकी काय बोलत नाय." मग त्यांनी फोन उलटसुलट करून बघितला. "मॅडम, ह्याच्यातून त्या नंबरावर काय जात नाय ना?"

दीड वाजायला आला होता. सकाळपासून बोलून घसा बसला होता, डबा तसाच पिशवीत होता. मी म्हणाले, "सिस्टम आहे ती, तिला सगळं कळतं. तुम्ही फक्त माहिती भरा."

दोघीचौघी हसल्या. मृणालताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीला रबरबँड लावलं आणि ती पिशवीत ठेवली.

बाकीच्या गेल्यावर त्यांनी त्यांच्या वस्तीतल्या मंजुळाला आत आणलं. तिशीचीही नसेल. धाकटी कडेवर, थोरली ओढणीला धरून. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली. सासू आणि नवरा तिला कल्याणला घेऊन गेले होते, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत. बाहेर बोर्ड नाही, आत चाकांवरचं छोटं मशीन.

"डॉक्टर काय बोलला?"

"कायच नाय. सासूला म्हणाला, गुरुवारी आणा, उपाशीपोटी." तिने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मुलगा असता तर उपाशी कशाला बोलावला असता, मॅडम?"

"तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचाच, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

"मला ही पाहिजे," ती म्हणाली. "ही थोरली रोज कान लावून बसते पोटाला. बाळ काय बोलतंय ते मला सांगते." मग आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, "घरी कळणार नाय ना? ते मला सोडणार नायत."

"नाही कळणार. पूर्ण गुप्त. माझा शब्द."

मृणालताई दाराबाहेर उभ्या राहून कुणी येतंय का ते बघत होत्या. मी मंजुळाच्या कार्डावरचा नोंदणी क्रमांक टाकला आणि नाव, पत्ता, महिना चौथा, मुली दोन, सगळं आपोआप भरलं गेलं. मी तिला ते कौतुकाने दाखवलंसुद्धा. खाली मोबाईल नंबरही आला असेल. तिने बघितला नाही, कडेवरची पोर तिचं मंगळसूत्र ओढत होती. मी बघितला नाही, कारण मला बघायची गरजच वाटली नाही. तक्रार पाठवली, तिच्या पाठीवर थोपटलं आणि डबा उघडला. बटाट्याची भाजी होती. अजून आठवतंय.

तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी अधिकाऱ्यांचं पथक पोलिसांना घेऊन कल्याणला पोचलं, बरोबर मीही गेले. मागची खोली सताड उघडी. आत एक पलंग, एक बादली आणि फरशीवर चाकांचे ओरखडे. मशीन नाही, डॉक्टर नाही. तिथून मी रिक्षाने ठाकुर्लीला मंजुळाच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळीच गेले सगळे. गावाला म्हणे. ती रडत होती, पण आपण कशाला मध्ये पडा."

कुणीतरी आधीच सांगितलं होतं, हे उघड होतं. आणि मला काय वाटलं, तेही लपवणार नाही. मी विश्रामसरांना म्हणाले, "घर का भेदी. मृणालताईच. त्यांच्या वहीत सगळ्यांचे नंबर आहेत, आणि ॲप त्यांना पहिल्यापासून नको होतं." सरांनी खळखळ केली, पण संध्याकाळपर्यंत मृणालताईंचा फोन परत मागवला गेला. वस्तीत बातमी पसरायला तेवढं पुरे असतं.

पुढच्या सोमवारी महिन्याचा अहवाल काढायला बसले. तक्रारींची यादी, प्रत्येकीपुढे पोचेची वेळ. मंजुळाच्या ओळीत होतं: तक्रार १.३८, पोच १.४०. दोन मिनिटांत. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पोच गेली कुठे ते बघितलं, कारण मंजुळाकडे फोन नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

नंबर महेंद्रचा होता. तिच्या नवऱ्याचा. गरोदरपणाची नोंद करताना नवऱ्याचाच नंबर देतात, बाईलाही दुसरं काही सुचत नाही. जुन्या फॉर्मात 'हा नंबर कोणाचा' असा एक रकाना होता. फॉर्म लांबतो म्हणून तो मीच काढून टाकला होता. जुन्या नोंदी उघडून बघितल्या, तर अकरा हजार बायकांत स्वतःचा फोन असलेल्या नऊशेसुद्धा नव्हत्या. बाकी सगळ्या मृणालताईंच्या लाल टिंबाच्या.

म्हणजे मंजुळा हॉलमधून घरी पोचायच्या आत, तिच्या नवऱ्याच्या खिशात माझं पत्र पोचलं होतं. तुमचं नाव गुप्त ठेवू, असं त्याला सांगणारं.

पोच बंद करायला मला अर्धा तास लागला. अर्ध्या तासाचं काम होतं ते! भिंतीवर डोकं आपटावं असं वाटत होतं. विश्रामसर वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "ते सेंटर तर बंद झालं ना? अहवालात धाड यशस्वी असंच जाऊ दे. हे बाहेर गेलं तर प्रकल्प बंद पडेल, ॲडेलिन, आणि मग लाल झालेल्या बाकीच्या नावांकडे कोण बघणार? झालं ते झालं. तू गप्प राहा."

मी गप्प राहिले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मंजुळाची नोंद बदलली. दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्यातल्या दवाखान्याने भरलेली: गर्भपात, आपोआप झालेला. 'पहारा'ने तिचं लाल नाव राखाडी केलं आणि पुढे लिहिलं, निकाली.

त्या दिवशी घरी आले ती तशीच ओट्यावर बसून राहिले. मम्मा बाहेर आली. "काय झाला गो? जेवली नाय?"

मी सगळं सांगितलं. रडलेसुद्धा. रविवारी चर्चमध्ये फादरकडे कबुली देईन म्हणाले.

मम्मा माझ्याजवळ ओट्यावर बसली. मग म्हणाली, "फादरला सांगून तू सुटशील. त्या पोरीला कोन सांगल? आन् जिच्यावर आळ घेतला तिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणालताईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं. आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. मी माफी मागितली तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. मग चपला घातल्या. "मला सांगून काय होतंय? चला तिच्याकडे, गावावरनं परत आलीय. समोरून गेले तर दार लावून घेते ती. गल्लीतल्या चार जणींनी माझ्याकडे नाव लिहायचं बंद केलंय. कोण कितव्या महिन्यात आहे, आता मला पण माहीत नाय."

मंजुळा दारात मेथी निवडत बसली होती. तोंड उतरलेलं, हातांच्या काड्या झालेल्या. मृणालताईंना बघून उठायला लागली, तशी मी घाईघाईने बोलायला लागले. नंबर, पोच, दोन मिनिटं, सगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सिस्टम हा शब्द मी तीनदा वापरला. मग थांबले आणि म्हणाले, "मृणालताईंनी काही सांगितलं नाही. मी सांगितलं. माझ्यामुळे झालं."

तिने मेथीची काडी मोडली. "म्हणजे ताई नाय."

"नाही. मी."

"ताई, बसा ना," ती मृणालताईंना म्हणाली आणि पाय आखडून त्यांना जागा केली. मृणालताई तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी अर्धी जुडी आपल्या पुढ्यात ओढली. मी उन्हात उभी होते. मला बस म्हणायचं काही कारण नव्हतं.

थोरली भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिने मला ओळखलं असावं. त्या दिवशी मी तिला बिस्कीट दिलं होतं.

"मुलगीच होती," मंजुळा मेथीकडे बघत म्हणाली. मला की मृणालताईंना, ते कळलं नाही. "नर्सने दाखवली नाय. मी विचारलं तर म्हणाली, कशाला विचारते."

मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तुमचा मेसेज ह्यांनी मला वाचून दाखवला. चार वेळा. मग सासूला, मग दिराला. पाठ झालाय मला." आणि तिने तो म्हणून दाखवला, शाळेतली प्रार्थना म्हणावी तसा, एका सुरात. "मंजुळाताई, तुमची तक्रार आम्हाला मिळाली आहे. घाबरू नका. तुमचं नाव गुप्त राहील. आम्ही तुमच्यासोबत आहोत."

एक शब्द चुकला नव्हता.

"आता घरात तीच हाक आहे," ती म्हणाली. "मंजुळाताई, चहा टाका. मंजुळाताई, बाहेर कुठे निघालात? दोघं मायलेक हसतात."

मृणालताईंचे हात थांबले. मी मान खाली घातली.

आतून झोपेतून उठल्याचा आवाज आला. धाकटी डोळे चोळत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दीड-दोन वर्षांची असेल, नुकतीच बोलायला लागलेली. आईकडे हात पसरून ती बोबड्या आवाजात म्हणाली,

"मंजुलाताई, भूक."

मंजुळा उठली आणि तिला कडेवर घेऊन आत गेली.