युहान्नुसचा हिरवा चौकोन

माझी शाळा चौथीत सुटली आणि चाळीस वर्षं मी कुओपिओच्या बाजारात मासे विकले. शिळा मासा मला वासाच्या आधी विकणाऱ्याच्या तोंडावरून कळतो. त्या बुधवारी माझा नातू इल्पो संगणक घेऊन स्वयंपाकघरात बसला, तेव्हाच मी ओळखलं, यात काहीतरी शिळं आहे.

इल्पो एकतीस वर्षांचा. कंपनी बंद पडली, सात महिने घरी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं इंटरनेटवर म्हणे एक पान असतं, चारचौघांना दिसणारं. त्यावर वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक चौकोन. काम केलं की हिरवा, नाहीतर पांढरा. इल्पोचं सगळं काम जुन्या कंपनीच्या कुलपात, म्हणून पान कोरं. मग या शहाण्याने मागच्या तारखा घालणारा प्रोग्राम लिहून एका सकाळीत अख्खं वर्ष हिरवं केलं.

नोकरीच्या मुलाखतीसाठी औलू शहरातल्या कंपनीतली राइला पडद्यावर आली. पान बघत राहिली.

"युहान्नुसलाही काम केलंत?"

इल्पोने खुर्ची मागे सरकवली. युहान्नुस म्हणजे आमचा भर उन्हाळ्यातला मोठा सण. त्या दिवशी अख्खा देश तळ्याकाठी शेकोटी पेटवून बसतो. चोरसुद्धा सुटी घेतात.

"आजारी पडून घरी होतात का?"

"आजारी कसला! होडीसकट तळ्यात पडला होता," मी शेगडीजवळून म्हटलं.

"आजी, तू मध्ये बोलू नको ना!"

"मग तू बोल. तोंड भाड्याने दिलंयस का?"

तो बोलला. चौकोन खोटे, मीच रंगवले. राइलाने ते लिहून घेतलं.

"मग खरं काय आहे?"

"तसं काही नाही."

"सौनाच्या पाळ्या सांग की," मी म्हटलं.

आमच्या इमारतीत घरं बावीस आणि सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, एकच. कोणी कधी बसायचं यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. इल्पोने पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहिला होता आणि लाजेपोटी लपवला होता. त्याने तो उघडला. राइला वाचता वाचता थांबली.

"'शुक्रवार, सहा वाजता हिल्का. बदलू नये. कारण: हिल्का.' ही कोण?"

"मी."

"भांडणं कमी झाली?"

"आधी वर्षाला अकरा. यंदा दोन. दोन्ही माझीच."

राइला हसली नाही. "हिरवं सगळं आजच पुसा. हे सगळ्यात वर ठेवा. कशासाठी आहे, कोण वापरतं, साधं लिहा. सोमवारी फोन करते."

इल्पोने पुसलं. पान फेब्रुवारीतल्या गोठलेल्या तळ्यासारखं पांढरं झालं. मग लिहायला लागला, 'कार्यक्षम संसाधन-वाटप प्रणाली'.

"मेल्या, ही काय नगरपालिकेची नोटीस आहे? लिही, बावीस घरं, एक सौना, कमी भांडणं."

कुरकुरत तेच लिहिलं.

सोमवारी फोन आला. तीन महिने कामावर घेऊन बघू, औलूला राहायला यावं लागेल. इल्पो "हो" म्हणाला. एकदाच.

त्याची बॅग मी रविवारीच भरली होती.