तार तोडली तेव्हा

मित्रांनो, मी उजनीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका लाँचचं डिझेल इंजिन आहे. वय अवघं दोन वर्षं, तरी लोक मला जुनं म्हणतात. त्याचाच मला राग आहे.

लाकडी खोक्यातून मी टेंभुर्णीला आलो. बंदेनवाज मिस्त्रींनी मला लाँचमध्ये बसवलं. त्यांनी ऑइल पाहिलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली, मला गार ठेवणाऱ्या पाण्याचा कॉक उघडला आणि गियर मोकळा ठेवून मला चालू केलं. मागच्या नळीतून पाणी पडू लागलं, तेव्हा ते मालकाला म्हणाले, "गुरुराज, पयले पन्नास तास जपायचं. जरा गरम झालं की निघायचं. फुल रेस द्यायची न्हाय, आन् नुसतं उभ्या उभ्या फुरफुरत बी ठेवायचं न्हाय."

"व्हय की," गुरुराज म्हणाला.

मग मला थांबवून, कॉक बंद करून मिस्त्री कामासाठी बार्शीला गेले आणि दुसऱ्याच दिवशी गुरुराजनं लाँचचं उद्घाटन उरकलं. मला हार घातला, पेढे वाटले. वीस माणसं बसवली. कॉक मात्र कुणीच उघडला नाही. चालू केल्या केल्या फुल रेस.

मी तापलो. धोक्याचा भोंगा वाजला, मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. गुरुराजनं काय केलं? पाहुण्यांपुढं लाज नको म्हणून भोंग्याची तार तोडली. थोड्याच वेळात माझे पिस्टन सिलिंडरला चिकटले आणि मी ऐन मध्यावर बंद पडलो. वारा सुटला, लाँच लाटांना आडवी झाली, पाणी आत येऊ लागलं. पलीकडच्या गावच्या गोजाबाई गरोदर सुनेला घट्ट धरून बसल्या होत्या. मच्छीमारांनी दोर टाकून आम्हांला काठाला ओढलं, म्हणून सगळे वाचले.

काठावर पाय ठेवताच गुरुराज म्हणाला, "इंजिनच भिकार निघालं."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर!

संध्याकाळी मिस्त्री बार्शीहून परतले आणि त्यांनी मला खोललं. सिलिंडरवरचे ओरखडे आणि बंद कॉक त्यांनी सगळ्यांना दाखवला. गोजाबाईंनी तुटलेली तार हातात घेतली.

"ही कुणी तोडली?"

गुरुराज खाली बघत म्हणाला, "मीच."

"माजी सून पोटुशी हाय. ते इंजिन वरडत हुतं, आन् तू त्याचं तोंड दाबलंस?"



मिस्त्रींनी सिलिंडर घासून मला नवे पिस्टन बसवले. या वेळी पहिले काही तास लाँच रिकामी फिरली, हळूहळू भार वाढवला, पन्नास तासांनी ऑइल बदललं. आता मी चालतो, पण पूर्वीचा जोर नाही. परवा एक प्रवासी घाई करू लागला, तेव्हा गुरुराजच म्हणाला, "थांबा. अजून नळीतून पाणी पडलं न्हाय."

ते ऐकून बरं वाटलं. पण राग गेला नाही. मित्रांनो, आम्हांला हार नकोत. आम्ही ओरडलो तर आधी थांबा आणि काय दुखतंय ते बघा.