रजईखालचा स्टुडिओ

सुती कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये साडेतीन किलो पिंजलेला कापूस, उभ्या टाक्यांच्या बावीस ओळी, एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग आणि मधोमध सांडलेल्या चहाचा. मित्रांनो, मोजायला बसलात तर मी एवढीच आहे. एक जुनी रजई. अंगावर घेतली तर मी थंडी अडवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. डोक्यावरून घेतली तर आवाजही अडवते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. माझं निम्मं आयुष्य त्या दुसऱ्या कामात गेलं.

मला ताईच्या आत्याने शिवून घेतलं. ताई तेव्हा वार्ताहर म्हणून पहिल्यांदाच परदेशी निघाली होती, तेही युद्ध चालू असलेल्या देशात.

"आत्या, तिथे बाँब पडतात. रजई कसली देतेस?"

"बाँब पडतात म्हणून थंडी पडायची राहते का?" असं म्हणून आत्याने मला गुडघ्याने दाबून बॅगेत कोंबलं. त्यापायी दोन स्वेटर घरी राहिले.

तिथे ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. अशा खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्वतःच्याच पायात पाय घालतो. ताईने पॉडकास्टसाठी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा फोनवर मायदेशातून कार्यक्रमाचा निवेदक हसत सुटला.

"बाई गं, विहिरीत उतरून बोलतेयस का?"

ताईने इकडेतिकडे पाहिलं. पलंगावर मी पडले होते. तिने दोन्ही खुर्च्या जरा अंतरावर ठेवल्या, त्यांच्यावर मला पसरलं आणि माइक घेऊन आत मांडी घातली. आवाज कापसाच्या तंतूंमध्ये शिरला की घासून घासून तिथेच जिरतो.

"आता?"

"आता कशी माणसात आलीस!"

तेव्हापासून मी स्टुडिओ झाले. दर आठवड्याला माझ्या अंधारात बसून ताई जगाला युद्ध आणि तह समजावून सांगायची. तोफा कुठे हलल्या, मध्यस्थ कुठल्या हॉटेलात उतरले, कोणतं शिष्टमंडळ खोलीत आधी शिरणार यावर अख्खी सकाळ कशी गेली आणि शेवटी दोन दारांची खोली कशी शोधावी लागली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटलेले असायचे, पण आवाज शांत आणि भरदार. तो तिचा कामाचा आवाज. निवेदकाशी मधूनच काही खासगी बोलायचं झालं, तर ती एकदम हळू बोलायची. श्रोते कळवत, की ताई अगदी शेजारी बसून बोलतेय असं वाटतं. एका ध्वनितंत्रज्ञाने कुठला स्टुडिओ वापरता म्हणून विचारलं. ताईने उत्तर पाठवलं, "आत्याचा." खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

ताईची गाडी चालवायला आणि दुभाष्याचं काम करायला तिथलेच एक गृहस्थ होते. ताई त्यांना दादा म्हणायची. तिची भाषा ते तिच्याइतकीच भराभर बोलत. त्यांचं शहर नदीने दुभागलेलं होतं आणि युद्धाने त्या नदीचीच सीमा केली होती. मधल्या पुलावर कोणी पाऊल टाकलं, की गोळी येई. पलीकडच्या काठावर दादांची धाकटी बहीण अडकली होती. बरोबर तिच्या सासूबाई आणि दोन मुलं. धाकट्या मुलाला दमा होता आणि त्याचं औषध संपत आलं होतं.

गाडीत बसताना दादा रोज विचारत, "काय ताई, काय म्हणतात तुमचे मोठे लोक? होणार का सही?"

ताई जपून बोलणारी. "साठ टक्के शक्यता आहे, दादा."

"साठ टक्क्यांत पूल ओलांडता येतो का हो?"



मग तो दिवस आला. रात्री करारावर सह्या होतील अशी बोलवा होती. ताई बोलणी चाललेल्या गावी निघणार होती, तिथे बातमीदारांचे फोन दारातच काढून घेत. पॉडकास्ट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. अशा वेळी हे लोक काय करतात, मित्रांनो? दोन भाग आधीच करून ठेवतात. एक सही झाली नाही असं धरून, एक झाली असं धरून. निकाल कळला की एक लावायचा, दुसरा पुसायचा. यात लबाडी काही नाही, कामाची रीत आहे.

त्या सकाळी ताईने पहिला भाग संपवला. मग निवेदकाला तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "हे फक्त सही झाली तरच लाव." घोटभर पाणी प्यायली आणि कामाच्या आवाजात सुरू झाली. "काल रात्री दोन्ही बाजूंनी युद्धबंदीच्या करारावर सह्या केल्या. शहरातला पूल आज सकाळपासून नागरिकांसाठी खुला झाला आहे."

माझ्याबाहेर काय जातं, ते मला आतून कळत नाही. दादा ठरल्या वेळेआधीच आले होते आणि बंद दाराबाहेर उभे होते, हे ना मला माहीत होतं, ना ताईला. शहरात वीज नव्हती, रेडिओ बंद होते, आणि ताईला बातमी सगळ्यांच्या आधी कळते हे दादांनी दोन वर्षं पाहिलं होतं.

दार धाडकन उघडलं. ताईने मला बाजूला सारलं तर दादा समोर, डोळे भरून आलेले.

"ताई, तुमच्या तोंडात साखर पडो! फोनवर सांगितलं बहिणीला, आहेस तशी नीघ म्हणून. सासूबाई चपला शोधत बसल्यात म्हणे. म्हटलं, अनवाणी आण त्यांना!"

"कुठे नीघ म्हणालात?"

"पुलावरून. खुला झाला ना?"

"दादा, सही अजून झालेली नाही. तो... तो तयार करून ठेवायचा भाग होता. झाली तर लावायला."

दादांना आधी ते समजलंच नाही. "पण तुम्ही ‘काल रात्री सह्या केल्या’ असं म्हणालात."

"फोन लावा. दादा, आधी फोन लावा तिला!"

घंटा वाजत राहिली. फोन कोणी उचलला नाही. दोघं जिन्याकडे धावली. मी ताईच्या खांद्यावर अर्धी लोंबकळतच होते, तशीच गाडीत मागच्या सीटवर येऊन पडले. पुढे ताई मध्यस्थांच्या कचेरीशी बोलत होती. चार माणसं पुलावर येतायत, दोन मुलं आहेत, पाच मिनिटं गोळीबार थांबवायला सांगा. तिचा तो शांत, भरदार आवाज कुठल्या कुठे गेला होता. मध्यस्थांच्या माणसाने एका बाजूच्या छावणीला कळवलं आणि त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या बाजूचा फोन बराच वेळ वाजला. शेवटी कोणी तरी उचलला आणि साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं.

गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली. आधी सासूबाई दिसल्या, दोन्ही नातवंडांना पुढ्यात घेऊन वाकून चालणाऱ्या. बहीण त्यांच्या मागे होती, मुद्दाम मागे, मुलांच्या आणि पलीकडच्या काठाच्या मध्ये. दादा दोन्ही हात हलवत ओरडत होते. मुलं पोहोचली. सासूबाई पोहोचल्या. बहीण पोहोचली नाही.

त्यानंतर दोन्ही मुलांना माझ्यात गुंडाळून घरी नेलं.

मी दादांच्या घरीच राहिले. धाकट्याला औषध मिळालं, रात्री त्याचा श्वास मला नीट ऐकू येई. मोठी मुलगी मात्र माझा काठ मुठीत धरून जागी पडलेली असे. ताई उघड्या खोलीत बसून बोलायला लागली. निवेदक म्हणाला, "पुन्हा विहीर झालीय बघ. रजईचं काय झालं?" ताईने विषय बदलला. पुढे खरोखरच सह्या झाल्या, तेव्हा जुनं ध्वनिमुद्रण लावू दे म्हणून तो मागे लागला होता. ताईने ते पुसायला लावलं आणि सगळं नव्याने बोलली.

मित्रांनो, मी साधी रजई, मला राजकारणातलं काय कळणार? पण एवढं सांगते. युद्ध होईल की थांबेल यावर बोलणं काहींच्या दृष्टीने चर्चा असते. काहींना ते ऐकून चपला शोधायच्या असतात. तोंडातून शब्द काढण्याआधी त्या दुसऱ्यांचा विचार करा, आणि दाराबाहेर कोण उभं आहे तेही एकदा बघून या.

एक दिवस दादा मला काखेत मारून ताईच्या खोलीवर आले. बरेच वाळले होते.

"ताई, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही आधी हळू आवाजात काही बोलला होतात, असं तुम्हीच मला सांगितलंत."

"दादा, ते तुम्हाला ऐकू आलंच नसणार. दार बंद होतं, वर ही एवढी जाड रजई."

"असंच मीही मनाला सांगतो. पण रात्री वाटतं, की ऐकू आलं होतं. मला फक्त पुढचं ऐकायचं होतं, म्हणून मी ते सोडून दिलं. ताई, एकदा बघायचं का करून?"

"कशाला, दादा? काय मिळणार आहे त्यातून?"

"नाही ऐकू आलं तर झोप मिळेल. आलं तर नाही मिळणार. पण हे मधलं नको."

ताई उठली. मग तिने खुर्च्या होत्या तशा मांडल्या आणि त्यांच्यावर मला पसरलं. "ते शब्द आता तुम्हाला पाठ आहेत," ती म्हणाली, "तेव्हा मी वेगळे बोलते. तेवढेच सहा, तितक्याच हळू. ऐकू येईल ते मोठ्याने सांगा, अंदाजाने काही सांगू नका."

दादा बाहेर गेले. दार बंद झालं. ताई आत आली, माइक जिथे असायचा तिथे तोंड नेलं आणि बोलली. मीठ, खिडकी, चाक, असे काही सुटे शब्द. बाहेरून दादांचा आवाज आला. पुन्हा सहा वेगळे शब्द, आणि मग आणखी सहा.

तिन्ही वेळचे मिळून अठरा शब्द झाले. दादांनी त्यांतले सोळा बरोबर सांगितले.