मावशीचा दोष नव्हता

सुगंधा साताऱ्याकडची. नर्सिंग पुरं करून पालघरच्या दवाखान्यात लागली त्याला सहासष्ट साली चार वर्षं झाली होती. मासवणची पारू तिच्याकडे दुसऱ्यांदा आली तेव्हा डोक्याला सात टाके पडले. नवरा देवू तारापूरला वीजकेंद्राच्या खोदकामावर जायचा आणि घरी आला की हातात सापडेल त्यानं मारायचा. आठ दिवस सुगंधानं पारूच्या जखमा धुतल्या, तिला पेज भरवली. निघताना पारूनं तिला एकटीलाच सांगितलं, की आता उमरोळीला मावशीकडे राहणार.

पंधरा दिवसांनी देवू आला. धुतलेला सदरा, जोडलेले हात. दारू सोडली म्हणाला. घरी राहिलेली तीन वर्षांची मुलगी आईच्या नावानं रडते, जेवत नाही, असं सांगू लागला. सुगंधाची आई तिच्या लहानपणीच गेली होती. तिनं पत्ता सांगून टाकला.

तिसऱ्या दिवशी पारूला बैलगाडीतून आणलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. हाताला फळी बांधताना सुगंधाला वर बघवेना. पारूला मात्र मावशीचाच संशय. तिनंच नवऱ्याला कळवलं असणार, आता मेले तरी तिचं तोंड बघणार नाही, असं ती आल्यागेल्याला सांगू लागली. मावशी भाकरी घेऊन आली, तर पारूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हातारी भाकरी तशीच घेऊन परत गेली.

ते पाहून सुगंधाला राहवलं नाही. ती खाटेजवळ बसली.

"पारू, मावशीनं नाही सांगितलं. मी सांगितलं."

पारूनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. "तुमाला तं मी सगला दाखवलेला, बाई," ती म्हणाली. मग हळूच, "मना दुसरी बाई द्या."

त्या दिवसापासून पारूचं सगळं गोजराबाई आया बघू लागली. सुगंधानं फौजदाराकडे जाऊन देवूला पत्ता आपणच दिल्याचं लिहून दिलं, मावशीला पारूला खरं कळल्याचा निरोप धाडला. मावशीनं मासवणला जाऊन पारूच्या मुलीला आणलं. महिन्यानं तिघी दवाखान्यातून निघाल्या. मुक्काम कुठं, ते गोजराबाईला ठाऊक होतं.

"सांगू का?" तिनं विचारलं.

सुगंधानं नकारार्थी मान हलवली आणि पारूच्या खाटेवरची चादर काढायला घेतली.